गाव नसलेल्याचा शिमगा

अन्याय माझ्यावर झाला. एकोणीसशे छप्पन साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरगावातल्या एका छापखान्याच्या उंबऱ्यावर. दारावरचं झेंडूचं तोरण अजून टवटवीत होतं, आदल्या दिवशी यंत्रांना लावलेलं कुंकू चाकांवर तसंच होतं, आणि मालक धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत मला विचारत होते, "गाव कुठलं तुझं?"

"मुंबई," मी म्हणालो.

"ते झालं रे. पण मूळ गाव?"

"मूळही मुंबईच."

त्यांनी चष्मा चढवला आणि मला खालून वर न्याहाळलं. "मुंबई हे काय कुणाचं गाव असतं?"

हे कोण बोलत होतं? ज्यांच्या छापखान्याच्या भिंतीवर बाहेरून हातभर उंचीच्या अक्षरांत 'मुंबई आमची' असं रंगवलेलं होतं, ते गृहस्थ! मी हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि भिंत दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली.

"ती घोषणा आहे," ते म्हणाले. "मी जामिनाबद्दल विचारतोय."

जामीन कशाला, तर छापखान्यातली अक्षरं शिशाची असतात आणि शिसं भंगारात चांगलं खपतं. "उद्या तू खिसे भरून पळालास तर मी कुणाच्या दारात जाऊन बसू? गाव असलं की बाप असतो, बाप नसला तर चुलता असतो, तोही नसला तर पाटील असतो. मुंबईत मी कुणाला पकडू? गव्हर्नरला?"

"मी चोर नाही."

"चोरही तेच सांगतात."

आणि दार लागलं. नोंद घ्या, मला काम येतं की नाही हे त्यांनी विचारलंच नाही.

आता मला गाव का नाही, ते सांगतो. माझी आई परळच्या एका गिरणीत कामाला होती. ती तापानं गेली तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन. बाप त्याआधीच कुठंतरी निघून गेला होता. चाळीतल्या लोकांनी मला काही दिवस आळीपाळीनं जेवू घातलं, मग अंगावर स्वच्छ सदरा चढवून मुलांच्या आश्रमात नेऊन सोडलं. सगळं नीट केलं त्यांनी. फक्त माझी आई कुठल्या गावची, हे कुणी सांगून ठेवलं नाही. मी मोठा होऊन विचारायला गेलो तेव्हा त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. कुणी म्हणालं कोकणातली, कुणी म्हणालं घाटावरची. एक म्हातारी म्हणाली, "बाई गोरी होती हो," आणि तेवढ्यावर सगळ्यांची आठवण संपली.

आश्रमाबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. मी मोठ्यानं बोलतो. पेज पातळ होती. छडी बारीक होती आणि बारीक असल्यामुळे जास्त लागायची. डोकी एकाच मशीननं एकाच दिवशी भादरली जायची, म्हणजे त्या संध्याकाळी प्रार्थनेला नवलकोलाचा वाफा बसल्यासारखा दिसायचा. एखाद्या दात्याचा वाढदिवस असला की आम्ही ओळीत उभं राहून त्यांच्यासाठी दीर्घायुष्य मागायचो आणि लाडू खायचो. मला तर वाटायचं, या माणसांनी दर आठवड्याला जन्माला यावं.

एक गोष्ट मात्र आश्रमानं दिली. तिथं छोटा छापखाना होता आणि आमच्यातल्या काहींना खिळे जुळवायला शिकवायचे. ज्यांनी छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा. हे खिळे खणाखणांच्या मोठ्या लाकडी तबकात असतात, त्याला केस म्हणतात. कंपॉझिटर एका हातात स्टिक नावाची पट्टी धरतो आणि दुसऱ्या हातानं एकेक खिळा उचलून तिच्यात लावत जातो. चांगला कंपॉझिटर केसकडे बघत नाही, बोटांनाच खण ठाऊक असतात. आता आमचे मास्तर होते डावखुरे. त्यांनी आश्रमातल्या साऱ्या केसा आपल्या हाताच्या सोयीनं उलट्या लावून घेतल्या होत्या, जे जगात उजवीकडे ते आमच्याकडे डावीकडे. आम्ही सगळी पोरं डाव्या हातानं शिकलो. साऱ्या पृथ्वीवर असंच चालतं अशी आमची ठाम समजूत होती.

अठरावं सरलं तसं आश्रमानं मला दोन सदरे, दोन विजारी आणि 'वर्तणूक समाधानकारक' असा दाखला देऊन फाटकाबाहेर उभं केलं. बाहेर उभं राहून मला काय वाटलं? उड्या माराव्यात असं वाटलं. मारल्याही. मग कामाच्या शोधाला लागलो आणि पहिलाच छापखाना निघाला तो गिरगावचा.

तिथून दादरला गेलो. दादरच्या मालकांनी आधी चहा पाजला, मग गाव विचारलं, मग नकार दिला. चहा पाजून नाही म्हणायचं ही दादरची रीत. परळला चहा नव्हता. चिंचपोकळीला एका बारक्या छापखान्याचा मालक म्हणाला, "गाव नाय? मग गणपतीला जातोस कुठं?" म्हटलं, "कुठंच नाही." त्याला माझी इतकी कीव आली की त्यानं मला मसाला पान खिलवलं. काम दिलं नाही.

आणि या सगळ्या दिवसांत शहर काय ओरडत होतं? मुंबई, मुंबई, मुंबई! सभेत मुंबई, मोर्च्यात मुंबई, भिंतीवर मुंबई. ज्यांची घरं रत्नागिरीला, साताऱ्याला, सांगलीला, ते मुंबईसाठी लाठ्या खात होते आणि मी त्यांचा अभिमान धरत होतो. मीही खात होतो. पण ज्याला मुंबईवाचून दुसरं गावच नाही असा पोरगा दारात उभा राहिला की हीच माणसं दार लावून घेत होती. मी विचारतो, तुम्ही मुंबई मागत होतात ती नक्की कुणासाठी?

मोर्च्यांतच मला मित्र भेटला. परळच्या चाळीतला, माझ्याच वयाचा, त्याच साली बौद्ध झालेल्या घरातला. गिरणीत बदली कामगार होता, म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. आम्ही दोघं भिंतींवर पत्रकं चिकटवायचो. मी तावातावानं त्याला माझा अन्याय सांगितला. तो भिंतीला खळ फासत ऐकत होता.

"तुला गाव नाही म्हणून हाकलतात ना?" तो म्हणाला. "मला गाव आहे म्हणून हाकलतात. गावाचं नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, गावात कुठं?"

"मग काय सांगतोस?"

"गावाबाहेर! आणि हसतो. मी हसलो की लय घाबरतात रे."

त्यानं ते हसू करून दाखवलं. आम्ही दोघं इतके हसलो की खळीची बादली कलंडली आणि एका चकचकीत दुकानाच्या पायऱ्यांवरून आमची अर्धी चळवळ ओघळत रस्त्यावर गेली. दुकानदार बाहेर आला तोवर आम्ही भारतमाता सिनेमाच्या पुढे पोचलो होतो.

मी जेवायचो-झोपायचो लालबागला, एका मालवणी मावशीच्या खानावळीत. गिरणीतली माणसं तिच्या खोलीत पंगतीनं जेवायची, मी टोपं घासायचो, त्या बदल्यात पोटभर जेवायचो आणि चाळीच्या गॅलरीत पथारी टाकायचो. मावशी बोलायला तिखट आणि वाढायला सढळ. माझी कहाणी ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

"मेल्या, गाव नाय म्हणान रडतंस कित्याक? माज्या माहेरचो म्हणान सांग. गाव मोठो आसा. एक झील जास्त झालो तर कोणाक कळाचा नाय."

तिनं भाकऱ्या थापता थापता मला आख्खा गाव शिकवला. देवीचं देऊळ, देवळामागचा पिंपळ, वरची वाडी, खालची वाडी, तळं, शाळा. मी पाठ केलं आणि लालबागमधल्याच एका छापखान्यात गेलो. तिथं मालकांपासून पायानं छपाईचं यंत्र चालवणाऱ्या ट्रेडलवाल्यापर्यंत सगळे मालवणी मुलखातले. फोरमन म्हणजे गोल पोटाचा, कानात अत्तराचा फाया घातलेला, आपल्या केसपुढं देवापुढं बसावं तसा बसलेला माणूस.

"खयचो रे तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. फोरमनच्या चिमटीतला खिळा चिमटीतच राहिला.

"अरे वा! आमच्याच गावचो! कोणाचो झील?"

कुणाचा मुलगा, हे मावशीनं शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "वाडीतला."

"वरच्या काय खालच्या?"

दोन्हीकडची सगळी घरं या माणसाला ठाऊक असणार हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मी म्हणालो, "मधल्या."

छापखाना थांबला. खरोखर थांबला, ट्रेडलवाल्यानं पाय उचलला.

"मधली वाडी खय आसा रे?"

"वरच्या आणि खालच्या वाडीच्या मध्ये."

"थय व्हाळ आसा!" फोरमन गरजला. "घर काय पाण्यात आसा तुजा?"

"म्हणून तर मुंबईला आलो," मी म्हणालो.

मग जो हशा उसळला तो मी जन्मात विसरणार नाही. मालक टेबलावर डोकं टेकून हसत होते. फोरमन पोट धरून उठला, मला दारापर्यंत सोडायला आला आणि सगळ्यांसाठी आणलेल्या भज्यांतली उरलेली भजी कागदात बांधून माझ्या हातात देत म्हणाला, "जा बाबा. पूर ओसारलो की ये." भजी गरम होती. काम नव्हतं ते नव्हतंच.

पण थांबा. आता सत्तावनचा फाल्गुन येतो.

निवडणुकीचा हंगाम होता. एकेका छापखान्यापुढं कार्यकर्त्यांची रांग, पत्रकं द्या, पत्रकं द्या! आणि नेमका त्यातच शिमगा. कोकणातला माणूस वर्षभर मुंबईचं ऐकतो, गणपतीत आणि शिमग्यात मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही. देवीची पालखी घरोघर निघते, तिला आपला खांदा लागलाच पाहिजे, मग मुंबई कुणाकडे का जाईना. लालबागच्या त्या मालकांनी जामिनाच्या हौसेपायी सगळी माणसं एकाच गावची घेतलेली. त्यामुळे चोरीची भीती नव्हती, अगदी कबूल. पण गाव एक, देवी एक, पालखी एक! सगळा छापखाना एकाच बोटीत बसून भाऊच्या धक्क्यावरून निघून गेला.

माझ्या त्या फजितीपासून मावशीची छापखान्याशी ओळख झाली होती, ती तिथं जेवणाचे डबे पोचवायची. त्या दिवशी ती भरलेले डबे घेऊन परत आली आणि दारातूनच ओरडली, "मेल्या, टोपां ठेव ती! मालक एकटोच बसलो आसा थय, तोंड करून, देवाक सोडलेल्या कोंब्यासारखो! धाव!"

मी धावलो. लालबागच्या नाक्यापर्यंत गेलो आणि उलटा फिरलो, परळला गेलो. मित्राला त्या सकाळी गिरणीच्या फाटकातून परत पाठवलं होतं, तो चाळीच्या नळावर सदरा पिळत होता. ओला सदराच अंगात घालायला लावून त्याला ओढत आणला.

मालक दारातल्या कार्यकर्त्यांना हात जोडत होते. मला बघून म्हणाले, "तू तोच ना? पाण्यात घर असलेला?"

"तोच. मला कंपोज येतं. खोटं गाव सांगितलं, पण हात खरे आहेत."

"आणि हा?"

"हा ट्रेडल मारतो."

मित्रानं ट्रेडल जन्मात पाहिलं नव्हतं. तो माझ्या कानाशी कुजबुजला, "गिरणीतल्या साच्यापेक्षा अवघड असतं का रे?" मालकांनी आम्हाला दोघांनाही आत ढकललं. त्या दिवशी जामीन कुणी मागितला नाही. गाव कुणी विचारलं नाही. मुंबईत असा दिवस मी पहिल्यांदा पाहिला.

पहिलं पत्रक मी जुळवलं आणि मालकांनी प्रूफ पाहून खुर्ची धरली. माझा डावा हात सवयीनं डावीकडे जायचा आणि तिथं भलतंच अक्षर असायचं. तेव्हा कुठं मला कळलं की पृथ्वी उलटी आहे, किंवा आमचे मास्तर. बाहेर रांग वाढत होती. मी विचार केला नाही. सगळ्यांत चांगले, सगळ्यांत नवे खिळे फोरमनच्या केसमध्ये होते. मी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली, ती केस खणाखणानं उपसली, ढीग घातले आणि आश्रमातल्यासारखी उलटी भरून काढली. मालक बाहेर कार्यकर्त्यांना थोपवत होते. आत डोकावून त्यांनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "साफसफाई." ते खूश झाले.

आणि मग! मग माझा हात सुटला. काय सांगू तुम्हाला, आश्रमात सुरांत म्हटलेल्या सगळ्या प्रार्थनांपेक्षा तो खिळ्यांचा टिक टिक आवाज मला गोड वाटला. मी जुळवतोय, मालक धोतर खोचून कोपरापर्यंत शाईनं काळे होऊन जुळवलेल्या पानाचा फर्मा आवळतायत, मित्र ट्रेडलवर उभा. पहिल्या तासात त्यानं इतके कागद फाडले की मालक रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवसापासून ते यंत्र त्याचं ऐकायला लागलं. तो पाय मारायचा, कागद सारायचा आणि वर शिवाय गायचा. मावशी दुपारची निरवानिरव झाली की येऊन कागदांच्या चळतीशी फतकल मारून बसायची, पत्रकं मोजायला. तिला वाचता येत नव्हतं. एका उमेदवाराची पत्रकं ती जरा चेपूनच बांधायची. मी विचारलं, "का गं?" तर म्हणे, "माका त्येचा तोंड आवडला नाय."

आम्ही हसायचो. सारखे हसायचो. मालक माठातलं पाणी मागायचे, मित्र भरून द्यायचा, ते घटाघट पिऊन पुन्हा हात पुढं करायचे. काळ्या हातांचे ठसे माठावर, दारावर, माझ्या पाठीवर. माझ्या आयुष्यातला तो पहिला सण. गाव नसलेल्या माणसाचा शिमगा लालबागला झाला आणि सोंगं आम्ही चौघांनी मिळून नाचवली.

मग एका सकाळी बोट आली.

सगळे एकदमच आले, उन्हानं रापलेले, घसे बसलेले, पिशव्यांत नारळ आणि ओले काजूगर. फोरमननं केसला हात जोडले, बसला, स्टिक उचलली आणि पालखीच्या गजाली सांगत सांगत, केसकडे एकदाही न बघता, भराभर जुळवायला लागला. त्या संध्याकाळी परळला सभा होती, तिचं पत्रक दुपारपर्यंत हवं होतं, कार्यकर्ते दारात उभे. मी कोपऱ्यात उभा राहून ते थाटाचं काम बघत होतो. सांगणार होतो हो! पण त्या माणसाला मध्येच थांबवायची छाती कुणाला होती?

प्रूफ निघालं. मालकांनी ते सुलटं धरलं, उलटं धरलं, उजेडात नेलं.

"ही कुठली भाषा?" ते म्हणाले.

फोरमननं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. पुन्हा एक ओळ जुळवली, पुन्हा तसंच. मग तो आपल्या बोटांकडे बघत बसला आणि एकदम त्याचे डोळे भरून आले. "पालखी माज्या खांद्यावरसून कलंडली होती," तो म्हणाला. "माका म्हायत होता. देवीन माजी बोटां नेली."

कुणीतरी देवीला गाऱ्हाणं घालायची भाषा सुरू केली. तेव्हा मी पुढं झालो आणि म्हणालो, "देवीनं नाही. मी."

केस उलटी लावली आहे हे कळल्यावर आधी त्याला सुटल्यासारखं झालं, त्यानं आनंदानं मला मिठी मारली. आणि मिठीतच त्याला राग आला. "आवशीचो घोव! माजी केस? माजी? ह्येका पयलो भायर काढा!"

"बाहेर काढा!" सगळे म्हणाले. त्यांची माणसं परत आली होती. आमची गरज संपली होती. मालकही नजर चुकवत म्हणाले, "बाबा रे, उपकार झाले तुझे. पण आता जागा भरल्या. केस नीट लावून दे आणि ये."

आणि मी काय केलं? जे मला येत होतं तेच केलं. जमिनीवर बसलो.

"केस लावतो," मी म्हणालो. "पण आम्हाला दोघांना ठेवा. मी एकटा राहणार नाही."

"माझ्यासाठी कशाला रे?" मित्र कुजबुजला. "तुझं तेवढं बघ ना!"

"तू गप्प बस. मोर्चा चालू आहे."

"ह्यो मोर्चो आता आमच्या छापखान्यात इलो काय?" फोरमन ओरडला.

इलो होता. माझं जे काही होतं ते पणाला लागलं होतं. बाहेर हाकललं तर पुन्हा गिरगावचा उंबरा, दादरचा चहा आणि ते पान. आणि गंमत म्हणजे मला हसू आवरत नव्हतं. दारातल्या कार्यकर्त्यांनी आतला आरडाओरडा ऐकला. भांडण कशाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण एक पोरगा जमिनीवर बसलाय आणि बाकीचे त्याच्यावर ओरडतायत एवढं दिसलं. ते पुरे होतं. ते सवयीनं गरजले, "झालाच पाहिजे!" काय झालंच पाहिजे ते एकालाही माहीत नव्हतं. रस्त्यावरून जाणारे थांबले आणि तेही म्हणाले, झालाच पाहिजे!

मालक कानांवर हात ठेवून उभे. फोरमन केसकडे बघतोय, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. पत्रकापुरते धड खिळे त्याच केसमध्ये होते आणि तिचे उलटे खण माझ्याच हाताला ठाऊक. तेवढ्यात ट्रेडलवाला हळूच म्हणाला, "गणपतीक कोण थांबतलो?"

हा त्यांचा जुना, कडू वाद होता. दर वर्षी कुणीतरी एकानं मागं राहायचं आणि दर वर्षी त्यावरून घरंच्या घरं अबोला धरायची.

"गेल्या गणपतीक मी थांबलंय," फोरमन सावकाश म्हणाला. "बायलेन माका अजून माफ करूक नाय." त्यानं माझ्याकडे नव्या डोळ्यांनी पाहिलं. "तुका गाव नाय, खरा?"

"नाही."

"कदीच जावचंस नाय? शप्पथ?"

"जाऊ कुठं?"

"दादानू, ठेवा ह्येका!" तो मालकांवरच ओरडला. "असो माणूस गावाचो नाय!"

"आणि हा," मी मित्राकडे बोट दाखवलं.

फोरमननं त्याला विचारलंच, खयचो, आणि गावात खय. मित्रानं सांगितलं, गावाबाहेर. आणि हसला. फोरमन माठाकडे बघायला लागला. तेव्हा मालक कानांवरचे हात काढून म्हणाले, "अख्खा शिमगा मी ह्याच्या हातचं पाणी प्यालोय. तब्येत सुधारलीय माझी." आणि दारातल्या गर्दीला, स्वतःलाच धीर आल्यासारखे, ओरडून म्हणाले, "झालं! झालं! दोघं राहिले! आता गप्प बसा!"

मी उडी मारून उठलो आणि पत्रक जुळवलं. दुपारच्या आत छापून निघालं. परळच्या सभेत ते माझ्या हातात पडलं तेव्हा मी ते शेजारच्याला न देता खिशात घातलं. मग आठवडाभर फोरमनच्या शिव्या खात केस पुन्हा सुलटी लावली आणि माझ्यासाठी मालकांनी कोपऱ्यात एक जुनी केस उलटी लावू दिली. तिला छापखान्यात 'मधली वाडी' म्हणतात.

त्यालाही तीन वर्षं झाली. मित्र ट्रेडलवर आहे. फोरमन त्याच्याशी पानसुपारी करतो, पण आपला पाण्याचा तांब्या घरून आणतो. हे मी त्याच्या तोंडावर बोलतो, इथंही लिहितो. आणि मला ठेवलं ते न्यायानं ठेवलं असं समजू नका. सोयीनं ठेवलं. एका माणसाला गणपती सुटत नव्हता म्हणून मला पोट मिळालं. मी आनंदानं नाचलो त्या दिवशी, आजही सकाळी छापखान्याचं कुलूप उघडताना नाचावंसं वाटतं. पण माझ्यामागून फाटकाबाहेर पडलेल्या पोरांच्या वाटेत कुणाचा शिमगा आला नाही. माझ्याहून चलाख हाताचा एक पोरगा गोदीत गोण्या वाहतोय. एकाचा तर पत्ताच नाही.

आता मुंबई मिळाली. मे महिन्यात तुम्ही पेढे वाटलेत, मीही दोन्ही हातांनी खाल्ले. मग आता हिशेब सरळ आहे. तुमचं दुकान असेल, कारखाना असेल, कचेरी असेल, निदान तुमच्या शब्दाला कुठंतरी वजन असेल. आश्रमाच्या फाटकातून या महिन्यातही पोरं बाहेर पडली आहेत, हातात कसब घेऊन. कुणी सुतारकाम शिकलाय, कुणी शिवण, कुणी खिळे. त्यांतला एक तुम्ही ठेवा. सकाळी काम द्या, संध्याकाळी तपासा, वाईट असेल तर माझ्या तोंडावर फेका. दया नको, भाषण नको, लाडू तर नकोच. माझा छापखाना लालबागला आहे आणि मी गणपतीतही तिथंच असतो. बोला, कधी पाठवू?